प्लायवूडची भिंत

लेकीचं, टीनाचं, बारसं झालं त्या वर्षीच्या आषाढात, एका सकाळी दुर्गेश्वरीनं दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले आणि वजनांची बेरीज पुन्हा पहिल्यापासून करायला घेतली. बोळ्यांचा उपयोग झाला नाही.

“दुर्गा व!”

हॉलच्या दुसऱ्या टोकाला चारोळी निवडत बसलेल्या मंगलीची हाक होती. दुर्गेश्वरीनं मान वर केली नाही. लगेच दुसरी हाक आली, पहिलीपेक्षा लांब.

“ओ. काय व, मावशी?”

“काही नाही.”

“काही नाही तर हाक कायले मारतेस?”

“पाहून राहिली, हायस का म्हणून.”

“समोर तर बसली आहो. दिसून नाही राहिली का तुले?”

बाकीच्या बाया सुपांत तोंड घालून हसल्या. बेरीज गेली ती गेलीच.

देवरीच्या हमरस्त्यालगतचं वनोपज संस्थेचं हे कार्यालय नवं होतं. आराखडा काढणाऱ्या नागपूरच्या साहेबांचं म्हणणं असं की भिंती आल्या की माणसं तुटतात. निवडणाऱ्या, पोती शिवणारे, हिशेबवाली, सगळे एकमेकांना दिसले पाहिजेत. अध्यक्ष भूपेंद्रभाऊ हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. स्वतःला फोन आला की मात्र बाहेर चिंचेखाली जात, कारण आत काही ऐकूच येत नसे.

दुर्गेश्वरी अजून कच्च्या नोकरीवर होती. रायपूरला जायची चारोळी तिच्या हातून एकदा नागपूरच्या व्यापाऱ्याला गेली होती, आणि पुन्हा असं झालं तर दुसरी मुलगी पाहू, असं भाऊंनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं. आमगावातलं नवऱ्याचं, ओमेशचं, दुकान बसलेलं. मांडीवर टीना. घर तिच्यावर होतं.

मंगली चिचगडची. जन्म तेंदूची पानं तोडण्यात गेलेला. झुडपांत वाकलेल्या बाया एकमेकींना दिसत नाहीत आणि अस्वल कुठून निघेल याचा नेम नसतो. म्हणून थोड्या थोड्या वेळानं हाक मारायची, तिकडून ओ आली की पुढं सरकायचं. तीच सवय ती हॉलमध्ये घेऊन आली होती. इथं अस्वल कुठून येईल, असं दुर्गेश्वरीनं एकदा चिडून विचारलं, तेव्हा रस्ता जवळच हाय, असं तिनं शांतपणे सांगितलं होतं. इतर बाया हातातलं काम न थांबवता ओ देत. दुर्गेश्वरीचा आकडा दरवेळी तुटे.

शेवटी ती भाऊंपुढं अडून बसली: भिंत द्या, नाही तर चुकीला मला धरू नका. भाऊ साहेबांच्या नावानं बरेच कुरकुरले, मग एका कोपऱ्यात प्लायवूड उभं झालं. दार लागलं, दाराला आतून कडी. मंगलीनं येऊन प्लायवर बोटं वाजवली.

“कोठी झाली तुई. आता धान भरतेस का आत?”

दुर्गेश्वरीनं कडी लावली. त्या दिवशी सगळा हिशेब पहिल्याच फेरीत जुळला. पुढंही जुळत राहिला. भाऊ फोनवर बोलायला तिच्या खोलीत येऊन बसू लागले, तेवढा एक त्रास उरला.

श्रावणात झड लागली. मोहफुलांचा ट्रक भरायचा होता, ड्रायव्हर घाईत, भाऊ तालुक्याला गेलेले. पावती बनवून तिनं खिडकीतून ड्रायव्हरच्या हाती दिली आणि पुढच्या मालाचा हिशेब घेतला. तेवढ्यात प्लायपलीकडून हाक आली.

“दुर्गा व!”

ओ दिली की ‘काही नाही’ ऐकायचं. तिनं ओठ घट्ट मिटले. पुन्हा हाक आली. ती टाईप करत राहिली. मग ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला.

व्यापाऱ्याकडून माल परत आला तेव्हा पोत्यांना आंबूस वास सुटला होता आणि फुलांवर बुरशी धरली होती. ट्रक भरण्याआधीच हॉलच्या छपराची झिरप थेट थप्पीवर पडली होती. पोती ओली असल्याचं मंगलीनं हमालांना सांगितलं होतं. हमालांनी ड्रायव्हरकडं बोट दाखवलं आणि ड्रायव्हरनं, पावती मिळाली म्हणून निघालो म्हणत, पावतीकडं.

भाऊंनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. आधी साहेब, मग छप्पर, मग प्लायवूड, सगळ्यांवर तोंड टाकून झालं. मग ते मंगलीकडं वळले.

“तुले दिसली ना ओली पोती? मंग इले काऊन नाही सांगितलं?”

मंगलीनं पदर सारखा केला.

“हाक पोचली नाही.”

भाऊंना ते उत्तर पटलं नाही. म्हातारी झालीस, आता घरीच बस, असं काहीबाही ते बोलू लागले. पण निवडणाऱ्या बायांनी एकदम माना खाली घातल्या. शेजारी बसलेल्या रुख्माला दुर्गेश्वरीनं हळूच कारण विचारलं, तेव्हा तिनं जमिनीकडं पाहतच सांगितलं. जंगलात कोणी ओ दिली नाही, रागानं म्हणा की आळसानं, तर गावात येऊन तिचं नाव घ्यायचं नाही. हाक पोचली नाही, एवढंच म्हणायचं. म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा सोबत नेता येतं.

दुर्गेश्वरीला मंगलीचा इतका राग कधीच आला नव्हता. गप्प राहिलं की नोकरी राहत होती. या बाईनं तेवढं एक काम सोपं करून ठेवलं होतं आणि आता ते करवत नव्हतं.

“पोचली होती, भाऊ.”

भाऊ तिच्याकडं वळले.

“दोनदा. मीच ओ नाही दिली.”

मंगली तिच्याकडं पाहून काहीतरी पुटपुटली. ते कौतुकाचं नव्हतं, इतकं दुर्गेश्वरीला कळलं.

महिना भरला तसं दुर्गेश्वरीचं काम सुटलं. तिच्या जागी रीना म्हणून एक मुलगी आली, त्याच खोलीत बसू लागली. मंगली निवडणीवर राहिली. त्यानंतरच्या वर्षी, होळीच्या आदल्या दिवशी, चिचगडला आपल्या घरी ती वारली.