दफ्तरातला ताप

बसव्वाने पदर सारखा केला आणि ती चावडीची पायरी चढली. आत मामलेदार रावसाहेब घडीचे टेबल मांडून बसले होते. शेजारी तिचा दीर चनमल्लप्पा नवा फेटा बांधून उभा होता.

सन १९२७ मधला तो पौष. कुंभारीपासून दोन कोसांवरच्या या गावचा पाटील वीरभद्रप्पा वारून चार महिने झाले होते. मूलबाळ नव्हते, म्हणून वतन त्याच्या बायकोच्या, बसव्वाच्या नावे लागले. पण बाईमाणसाला पाटीलकी चालवता येत नव्हती. तिने आपल्या वतीने एक पुरुष गुमास्ता म्हणून सुचवायचा, मामलेदाराने शिफारस करायची आणि सोलापुरात कलेक्टरसाहेबाने हुकूम काढायचा. दिराचे नाव सांगून अंगठा उठवायचा, एवढ्यासाठीच तिला बोलावले होते.

मामलेदार मृत्यूची नोंदवही चाळत होते.

"वीरभद्रप्पा, वय पंचेचाळीस. कारण, ताप. बरोबर?"

"व्हय रावसाहेब, तापच," चनमल्लप्पा म्हणाला.

बसव्वाची पदराशी चाळा करणारी बोटे थांबली.

"न्हाय. पटकी हुती."

"वैनी!"

"भावजी, मला बोलू द्या."

तिने सगळे सांगितले. श्रावणातली जत्रा आठ दिवसांवर आली असताना गावात जुलाब-उलट्यांनी तीन माणसे दगावली. हरिबा शेतकरी वर्दी द्यायला सोलापूरला निघाला, तर पाटलाने त्याला वेशीतून परत आणले. पटकीची वर्दी गेली की सरकार जत्रा बंद करणार. वहीत ताप लिहिला गेला, जत्रा झाली. मग माणसे जातच राहिली. शेवटी पाटीलही गेला.

"तुम्हाला हे तेव्हाच ठाऊक होतं?" मामलेदारांनी विचारले.

"भाकरी वाढत हुते की. समदं कानावर पडत हुतं."

मामलेदारांनी टाक खाली ठेवला. "बाई, हे लिहिलं तर वर जाईल. चौकशी लागेल. पाटीलकी तुमच्या घरात राहील, असं मला सांगता येत नाही."

"चार पिढ्यांचं वतन हाय, वैनी," चनमल्लप्पाचा आवाज खाली आला. "मेलेलं मानूस परत येतंय व्हय?"

"न्हाय येत. पर गाव अजून त्याच हिरीचं पानी पितंय."

मामलेदारांनी टाक पुन्हा उचलला.

"गुमास्ता म्हणून कुणाचं नाव लिहू?"

"ते मागनं सांगते. आदी ह्यांच्या नावाफुडचा ताप खोडा."

"खोडता येत नाही. शेजारी शेरा लिहिता येतो."

"मग तसं लिवा."

मामलेदारांनी लिहिले. ओळ वाळेपर्यंत ते थांबले. "आणखी किती?"

"तेरा."

ती एकेक नाव सांगू लागली. सहाव्यापाशी अडखळली. हरिबाची नात, तीन आठवड्यांची. बारसेसुद्धा व्हायचे होते.

"शिवबाई लिवा," दाराबाहेरून हरिबा म्हणाला. "नाव ठरलं हुतं."

बसव्वा जराशी सरकली आणि तिने त्याला आत यायला वाट करून दिली.