गुइकोनची भुरी घोडी

माझा नवरा छाप्यावरून परतला, की आधी त्याचा चेहरा बघायचा आणि मग मागचे लुटून आणलेले घोडे. टोळीतल्या सगळ्यांनी तोंडं काळी रंगवली होती, म्हणजे सोळाच्या सोळा जिवंत. मग मी मागे पाहिलं. सहा घोडे आणि एक भुरी घोडी. कुत्रं तिच्या पायांतून गेलं, तिनं कानसुद्धा हलवला नाही.

मला तीच हवी होती. चार दिवसांनी तळ हलणार, तांबडी नदी ओलांडायची. गेल्या खेपेला आमच्या खेचरानं भर पाण्यात अंग झाडलं आणि बाळ त्याला बांधलेल्या पाठीवरच्या फळीसकट वाहत निघालं. मी पट्टा पकडून ओढलं, तर ते हसत होतं. मी अजून झोपेत दचकते.

तो खाली उतरायच्या आतच म्हटलं, "भुरी माझी."

"तुझीच गं," गुइकोन म्हणाला.

तो खोटं बोलत नाही. फक्त स्तुती ऐकली की विरघळतो. आणि आमच्यात छाप्याच्या नायकाचं नाव घेऊन कुणी म्हातारी त्याच्या तंबूपुढे गायली, तर तिला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं. आडोमा आजी दुखरे गुडघे विसरून सर्वांत आधी आली. पाठोपाठ बाकीच्या.

माझा भाऊ झेबात मुद्दाम समोर बसला होता. मेव्हण्याच्या थट्टेवर रागवायचं नसतं, हे त्याला चांगलं ठाऊक.

"दाजी, पायताणंही देऊन टाका. आजीचे पाय गारठलेत!"

चौथ्या म्हातारीनं तर भलत्याच लढाईचं गाणं म्हटलं.

"त्या लढाईत मी नव्हतो," गुइकोन माझ्या कानात पुटपुटला.

"मग सांग ना तिला!"

"पण गाते किती छान!" गेला चौथा घोडा.

शेवटी भुरी तेवढी राहिली, आणि पलीकडच्या तंबूआडून आणखी दोन म्हाताऱ्या घसा खाकरत निघाल्या. मी बाळाची फळी पाठीला लावली आणि नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिले. चारचौघांत मी कधी गायले नव्हते.

"गुइकोन! सोळा नेले, सोळा आणले! ओसाड माळावर ज्याला पाणी सापडतं, त्याला घरातली पाण्याची पखाल सापडत नाही!"

सगळा तळ खिदळला. झेबात मातीत लोळला. "दाजी, ऐका, ऐका, ही तर अस्सल स्तुती!"

"पुरे!" म्हणत गुइकोननं भुरीचा दोर माझ्या हातात कोंबला. काळ्या रंगाखाली तो हसत होता.

मी घोडीवर बसले, तोच आडोमा आजीनं सूर लावला, "पाइमा! नदीच्या तोंडातून लेकरू ओढून आणणारी पाइमा!"

पाइमा मीच. माझं नाव असं सगळ्या तळापुढे कुणी घेतलं नव्हतं. ऊर भरून आला. दोरावरची बोटं आपोआप सैल पडायला लागली. तेव्हा कुठे मला नवरा कळला.

मी टाच मारली. आजीला मला गाठता येणार नाही, पण कडवं शेवटपर्यंत ऐकू येईल, इतक्याच अंतरावर जाऊन थांबले.