लाल फडक्यातला देव

मित्रांनो, माझा आरसा खिळखिळा झालाय, नळीवर चरे पडलेत. देवगाव फाट्याजवळच्या शाळेतला मी जुना सूक्ष्मदर्शक आहे. पण सहा वर्षे मी देव होतो! हसू नका, खरंच सांगतो.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. १९८१ साली लाकडी पेटीत बसून, एसटीच्या टपावरून इथे आलो. मुख्याध्यापक दिनकरराव मला पाहून हरखले आणि लगेच घाबरलेही. काच फुटली तर? दसऱ्याला त्यांनी मला हळदकुंकू वाहिले, लाल फडक्यात बांधले आणि कपाटात कुलूपबंद केले. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. नवा शिपाई मुंजाजी आला. कुंकवाने माखलेले गाठोडे पाहून तो दर गुरुवारी उदबत्ती लावू लागला. नवे मुख्याध्यापक आबासाहेबही जाता-येता हात जोडायचे. धुराने माझा जीव गुदमरायचा. देवपण सोसणे सोपे नसते, मित्रांनो.

मग विज्ञान शिकवायला कमलबाई आल्या. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दाखवीन, असा त्यांनी सातवीला शब्द दिला. गोजर नावाच्या मुलीने विचारले, "बाई, दसरा झाला की आमी ऊस तोडायला जायलोत. त्याच्या आत दिसंल का?"

त्या शब्दापायी बाई सूक्ष्मदर्शक मागायला दोनदा तालुक्याला गेल्या. पहिल्यांदा तिथले किल्लीवाले रजेवर, दुसऱ्यांदा किल्लीच बेपत्ता! काखेत कळसा नि गावाला वळसा! मी कपाटात नुसता तळमळत होतो.

खंडेनवमीला मला पूजेत मांडले. मुंजाजीने नारळ असा फोडला की सगळे पाणी माझ्या अंगावर. "देव भिजला!" म्हणत त्याने घाईघाईने फडके सोडले.

"अहो मुंजाजी, हा तर सूक्ष्मदर्शक!" कमलबाई ओरडल्या.

"न्हाई बाई, देवच हाय. पाच वर्सं उदबत्ती लावलीय म्या."

आबासाहेबांनी साठ्याची नोंदवही उघडली. "सूक्ष्मदर्शक, नग एक," एवढे वाचून ते टोपी काढून खाली बसले.

गोजर पळत घरी जाऊन कांदा घेऊन आली. पहिला डोळा तिनेच लावला.

"बाई, कांद्यालाबी कुंकू लागलंय!"

बाईंनी पदराने माझे भिंग पुसले. गोजरने पुन्हा डोळा लावला.

"घरंच घरं हायत, बाई. उसाच्या फडावरच्या आमच्या कोप्यांवानी, एकीला एक लागून."

मुंजाजीने तर आधी चपला काढल्या आणि मग डोळा लावला.

तिसऱ्या दिवशी गोजर ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली. मला फार चुकल्याचुकल्यासारखे वाटले. उन्हाळ्यात टोळी परतली, तेव्हा बैलगाडीतले सामान उतरायच्या आधी ती शाळेत आली. मुठीत उसाची वाळकी साल होती.

"बाई, ह्याच्यातबी घरं हायत का, बगू."

मित्रांनो, मला फुटायची भीती वाटते, पण कपाटाची त्याहून जास्त वाटते. मला जपा, पण बाकावर ठेवून जपा. त्या दिवशी गोजरच्या घाईत उसाच्या सालीने माझ्या नळीवर एक चरा पडला. सहा वर्षांच्या कुंकवापेक्षा तो मला जास्त शोभतो.