दादाचं फोल्डर

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. वय चाळिशीला टेकलं, कानशिलं पांढरी झाली, तरी दादापुढे ती धाकटीच. दोघा भावंडांचं दुकान एकच होतं. दादा सुतार, तो खुर्च्यांचे सांगाडे करायचा आणि धाकटी त्यांवर वेत विणायची. मागच्या वर्षी दादाला अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू वळणावर आले, पण बोलणं गेलं. समजायचं सगळं, ओठांवर काही यायचं नाही. दुकान धाकटीच्या एकटीच्या अंगावर पडलं.

जुनी गिऱ्हाइकं दादाच्या शब्दावर येणारी, ती पांगली. तेव्हा शेजारच्या शिवणकामवालीने धाकटीला एक युक्ती शिकवली. फोन समोर उभा करायचा, खुर्ची विणताना चार तास चित्रण चालू ठेवायचं आणि मग व्हिडिओ एडिट करायच्या अ‍ॅपमध्ये त्या चार तासांचं एक मिनिट करायचं. रिकाम्या चौकटीत जाळी सरसर भरत जाताना बघण्यात लोकांना काय मजा वाटायची कोण जाणे, पण वाटायची. कामं येऊ लागली आणि धाकटीला त्या अ‍ॅपची चटकच लागली. एकच व्हिडिओ ती पाच पाच तऱ्हांनी करून बघायची. कुठे रंग उजळ कर, कुठे संगीत बदल. आवडला नाही की तसाच टाकून नवा करायला घ्यायची.

त्याच फोनमध्ये आणखी एक काम चालायचं. दादाला बोलणं शिकवणाऱ्या बाई पंधरवड्यातून एकदा घरी यायच्या. त्यांनी सांगून ठेवलं होतं की रोज सकाळी दादांकडून शब्द म्हणवून घ्या आणि त्याचा व्हिडिओ करा. तीन महिन्यांनी पहिला आणि शेवटचा लागोपाठ लावून त्यांनाच दाखवू. आपल्यात पडलेला फरक स्वतःच्या कानांनी ऐकला की माणूस धीर सोडत नाही. धाकटीने ‘दादा’ नावाचं फोल्डर केलं. पहिल्या व्हिडिओत नुसती घशातली घरघर होती. सव्विसाव्यात दादा कपाच्या चित्राकडे बघायचं सोडून दाराकडे बघत म्हणाला, “लंबू.”

लंबू म्हणजे वहिनी. ती दादापेक्षा चार बोटं उंच. लग्न ठरल्यापासून तो तिला याच नावाने हाक मारायचा आणि ती लटकं रागवायची. त्या सकाळी नेमकी ती लॉन्ड्रीत इस्त्रीच्या कामाला गेलेली होती. मग रोज संध्याकाळी, चपला काढता काढता ती म्हणायची, “धाकटे, दाखव गं जरा ते.” तिच्या स्वतःच्या फोनवर फक्त बोलता यायचं, बाकी काही नाही. तो व्हिडिओ उभ्या उभ्या एकदा बघायची, पदराने फोनची काच पुसायची आणि स्वयंपाकाला लागायची. कप, दार, पाणी असे शब्द दादा पुढे म्हणू लागला. लंबू मात्र पुन्हा आला नाही.

एक्केचाळीस व्हिडिओ झाले त्या दिवशीची गोष्ट. एका हॉटेलवाल्याला बारा खुर्च्या विणून हव्या होत्या. दुसराही एक कारागीर त्याच्या नजरेत होता. बारा वाजायच्या आत नमुन्याचा व्हिडिओ पाठवा, मग ठरवतो, असं तो म्हणाला. साडेअकराला धाकटीचं काम जुळून आलं, शेवटचं बटण दाबलं आणि गाडी नव्वद टक्क्यांवर अडली. फोनमध्ये पुरेशी जागा नाही. तिने गाणी पुसली. पुन्हा अडली. नात्यातल्या लग्नाचे फोटो पुसले. पुन्हा तेच. पावणेबारा झाले होते. बोट वर सरकवता सरकवता ‘दादा’वर येऊन थांबलं. भलं मोठं फोल्डर होतं.

बाईंकडे असतीलच की, असं तिने मनाला सांगितलं. बाई ते व्हिडिओ इथेच, याच फोनवर बघायच्या, हे तिला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. तिने पुसलं. तरी जागा होईना, कारण पुसलेलं सगळं कचरापेटीत जाऊन बसलं होतं. तिने कचरापेटी उघडली. कायमचं पुसायचं का, असं फोनने विचारलं. तिने हो म्हटलं.

व्हिडिओ वेळेत गेला. काम मिळालं.

संध्याकाळी वहिनीने चपला काढता काढता हात पुढे केला. फोन बिघडलाय, व्हिडिओच उघडत नाहीत, असं सांगून धाकटीने वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सकाळचं चित्रण मात्र चालू होतं, आणि कोपऱ्यातून दादा तिच्या त्या धडधाकट फोनकडे टक लावून बघायचा. त्याच्या नजरेला नजर देणं तिला जड जाऊ लागलं. चौथ्या दिवशी वहिनीला सुट्टी होती. ती म्हणाली, चल, दुरुस्तीवाल्याकडे जाऊ. बाई पुढच्या आठवड्यात येतील, तेव्हा खोळंबा नको. धाकटीने कामाचं निमित्त काढलं. वहिनीने तिचं काम गुंडाळून बाजूला ठेवलं आणि तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

मोबाइलवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालचा एक कोनाडा. त्याने फोन हातात घेतला, इकडेतिकडे दाबून बघितलं आणि म्हणाला की याला काहीही झालेलं नाही. नुसता गच्च भरलाय. तुमचं ते एडिटिंगचं अ‍ॅप बघा, एकोणतीस जीबी खाऊन बसलंय. अर्धवट टाकलेला प्रत्येक व्हिडिओ ते आपल्या पोटात ठेवतं. हे एक बटण दाबलं की झालं, तयार व्हिडिओंना धक्का लागत नाही. त्याने बटण दाबलंही. पाच सेकंद लागले असतील.

“आणि आमचे व्हिडिओ?” वहिनीने विचारलं. “ह्यांच्या नावाचं फोल्डर होतं.”

तो शोधत राहिला. मग अगदी सहज, बिल फाडावं तसं म्हणाला, “जुने सगळे पुसलेत, वहिनी. कचरापेटीही कोणीतरी मुद्दाम रिकामी केलीय. आता नाही मिळायचे.”

धाकटी काउंटरच्या काचेखालच्या चार्जरकडे बघत राहिली. वहिनी तिच्याकडे बघतेय हे तिला न बघताही कळत होतं. एका बटणाचं काम होतं. तिने दुसऱ्याच बटणावर बोट ठेवलं होतं.

दोघी घराकडे निघाल्या. एरवी वहिनी लांब टांगा टाकायची आणि धाकटीला मागे पळावं लागायचं. आज ती इतकी सावकाश चालत होती की धाकटीला मागेही राहता येईना. घराच्या वळणावर वहिनी थांबली.

“जागा हवी होती, तर मला विचारायचंस,” ती म्हणाली. “मी नाही म्हटलं असतं. म्हणून नाही विचारलंस.”

“हो,” धाकटी म्हणाली.

दादाला मी सांगते, असं वहिनी म्हणाली. धाकटीने मान हलवली. हे तिचं तिनेच सांगायचं होतं.

दादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. धाकटी त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. हॉटेलवाला, पावणेबारा, कचरापेटी, खोटं बोललेले चार दिवस, काही गाळलं नाही. दादा ऐकत होता. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. ओठ बराच वेळ हलत राहिले. तो आपल्याला शिवी देईल, आणि देऊ दे बाबा, असं तिला मनापासून वाटत होतं.

“खुर्च्या,” तो म्हणाला. दम घेतला. “नीट… झाल्या?”

धाकटीला रडू फुटलं. दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. मान वळवून तो खिडकीबाहेर बघत बसला आणि पुढचे दोन दिवस त्याने एकही शब्द म्हणायचं नाकारलं.

बाई आल्या तेव्हा धाकटीने त्यांनाही खरं ते सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, फक्त वहीत काहीतरी खोडलं. आता आजचाच व्हिडिओ पहिला धरू, असं त्या म्हणाल्या. पण पहिल्या दिवसाची ती घरघर आता कुठून आणायची? नव्या पहिल्या व्हिडिओत दादा दहा शब्द बरे बोलत होता. तीन महिन्यांनी बारा बोलला. शेजारी शेजारी लावून दाखवलं तेव्हा त्याने खांदे उडवले, जणू विचारतोय, एवढंच?

“बरंच आहे, दादा,” धाकटी म्हणाली. “मी ऐकलंय ना तुला पहिल्या दिवशी.” आणि तिने घशातून ती घरघर काढून दाखवली, जमेल तशी. दादा तिच्याकडे बघत राहिला. हसला नाही, पण पुन्हा एकदा व्हिडिओ लाव, अशी त्याने खूण केली.

वहिनी धाकटीशी पूर्वीसारखीच बोलते, ताटात वाढते, दुखलं-खुपलं विचारते. फक्त कामावरून आल्यावर ती आता सरळ आत जाते. धाकटी फोन हातात घेऊन दाराशी उभी असते, रोज.