दक्षिणेचे तारे आणि सुतारदादा

मित्रांनो, मी एक जुना, फिल्मवर चालणारा कॅमेरा आहे. नवा होतो तेव्हा माझी काच कशी लखलखत असे! एका फोटोग्राफर ताईने मला विकत घेतले. लग्नातले हसरे चेहरे असोत की पासपोर्टवरचे गंभीर, मी सारे इमानाने टिपले. "याचं काम चोख," असे ती कौतुकाने म्हणे.

तिचा थोरला भाऊ सुतार होता. हात कसबी, पण पृथ्वी ताटासारखी सपाट आहे, हे त्याने मनाशी पक्के धरले होते. वर आकाशाचे झाकण, मधोमध ध्रुवतारा आणि सारे तारे त्याच्याभोवती फिरतात, असे तो सांगे. एकदा पाहुण्यांसमोर ताई त्याला हसली आणि दोघांचे बोलणेच तुटले.

पुढे ताई लग्न होऊन दूर दक्षिणेकडच्या देशात गेली. तिथे ध्रुवतारा दिसत नाही. तिने मला दक्षिणेकडे तोंड करून अंगणात ठेवले आणि शटर बराच वेळ उघडे राखले. ताऱ्यांच्या रेघा एका रिकाम्या जागेभोवती गोल फिरलेल्या उमटल्या. तो फोटो तिने दादाला पाठवला.

फोटो मिळताच त्याचा फोन आला. "लांबचं वाकडंच दिसतं, नजरेचा खेळ! शिवाय कॅमेरा तुझा, फोटो तुझा."

"मग तूच येऊन काढ. हसणार नाही मी."

तो खरेच आला. त्यानेच मला दक्षिणेकडे रोखले, त्यानेच बटण दाबले. घरातली जेवणे उरकली तरी हा आपला आकाशाकडे टक लावून बसलेला!

फिल्म धुतल्यावर तो पुटपुटला, "माझ्या हिशेबाने ध्रुवापासून इतक्या लांब इथे मोठाले घेर हवे होते. हे तर लहान लहान. आणि रात्री डोळ्यांनी पाहिलं, आपल्याकडे ध्रुवाभोवती फिरतात त्याच्या उलटे फिरत होते."

ताईची जीभ वळवळत होती, पण तिने नुसता दिवा जवळ आणला.

"लेथवर लाकडाचा गोळा फिरतो ना," तो सावकाश म्हणाला, "तो या टोकाने पाहिला तर सुलटा फिरतो, त्या टोकाने उलटा. टोकं दोन, गोळा एकच. छोटे, आपण गोळ्यावर आहोत गं!"

"हो दादा. आता जेवून घे."

मित्रांनो, आज मी कपाटात पडून आहे. काचेवर बुरशी धरू लागली आहे. मला मऊ फडक्याने पुसा, कोरड्या जागी ठेवा. आणि कुणी हट्टाला पेटला, तर वाद घालण्याआधी मला त्याच्या हातात द्या. मी कुणाची बाजू घेत नाही, समोर असते तेच दाखवतो. माझे शटर अजून ठणठणीत आहे.