न पुसलेला कठडा

मी एक जुना कठडा आहे. आजारी माणूस पलंगावरून पडू नये म्हणून दवाखान्यात जो आडवा दांडा लावतात, तो मी. आता अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे भिंतीला टेकून उभा आहे. इथे बोलायला कोणी नाही. म्हणून मित्रांनो, तुम्हालाच सांगतो.

मी साधा लोखंडी दांडाच राहिलो असतो. पण प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी माझ्या अंगावर पॉलिमरचा पातळ लेप चढवला. पॉलिमर म्हणजे छोट्या रेणूंनी हातात हात घालून केलेली लांबच लांब साखळी. माझ्या साखळ्यांवर धन विद्युतभार होता आणि जिवाणूंच्या अंगावर असतो ऋण. त्यामुळे ते आपणहून माझ्याकडे ओढले जात. एकदा चिकटले की साखळ्या त्यांच्या आवरणात घुसत, आवरण फाटे आणि खेळ खलास! बाईंना कोण आनंद झाला. मला मात्र वाईट वाटले. जो जवळ येईल तो मरणार, अशाला सोबती कुठून मिळणार?

मला दवाखान्यातल्या एकांताच्या खोलीत, जिथे संसर्गाच्या भीतीने रुग्णाला एकटे ठेवतात, तिथल्या पलंगाला बसवले. तिथे सफाईच्या मावशी रोज ओला फडका घेऊन येत. "सरका जरा, लाटसाहेब!" म्हणत मला खसाखसा पुसत. मी कसला सरकतोय! पण तेवढीच काय ती माझी सोबत.

मग कोणीतरी मोठे पाहुणे आले, माझी तोंड भरून स्तुती झाली आणि माझ्यावर पाटी लागली : 'हा कठडा स्वतःच जंतू मारतो.' झाले! मावशींना सांगण्यात आले, याला पुसायची गरज नाही. फडका फरशीवर फिरे, खिडकीवर फिरे आणि मला वळसा घालून निघून जाई.

अशात त्या खोलीत एक शिवणकाम करणाऱ्या काकू आल्या. भावाने त्यांना आपले मूत्रपिंड दिले होते. शरीराने ते नाकारू नये म्हणून औषधे देऊन त्यांची प्रतिकारशक्ती कमी ठेवली होती. एवढासा जंतूही त्यांच्या जिवावर बेतला असता. आत कोणाला सोडत नसत. काका काचेपलीकडून नुसता हात हलवत. काकू मला धरून उठत आणि माझ्याशीच बोलत, "धर रे बाबा. तुझ्याशिवाय आहे कोण इथे?"

आणि माझी काय अवस्था होती? मेलेले जिवाणू माझ्याच अंगाला चिकटून राहिले होते. त्यांचा थर साचला. नवे येत ते त्या थरावर बसत, माझ्यापर्यंत पोहोचतच नसत. वर ते मजेत जगत होते, खाली मी हात बांधल्यासारखा. काकूंचा हात रोज त्यांच्यावर पडत होता, आणि मला ओरडताही येत नव्हते.

एका दुपारी तो हात चटका बसावा इतका तापला. काका काचेला कपाळ लावून उभे राहिले.

डॉक्टरांनी खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर कापूस फिरवून तपासणी केली. जिवंत जंतू सापडले ते माझ्यावर! प्रयोगशाळेतल्या बाई धावत आल्या. त्यांनी पाटी वाचली.

"मारायचं सगळं बघितलं मी," त्या म्हणाल्या, "मेलेल्यांना उचलायचं कोणी, हे सांगायचंच राहिलं."

त्यांनी पाटी उपटली आणि स्वतः मला पुसले. त्यानंतर मावशींचा फडका पुन्हा सुरू झाला. जंतूंवरची औषधे हळूहळू लागू पडली आणि काकूंचा ताप उतरला.

घरी जाताना काकूंनी मावशींकडून ओला फडका मागून घेतला. "मशीन मी रोज पुसते घरी," त्या म्हणाल्या, "हा तर माझा सोबती." त्यांनी मला या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पुसले. मी इतका सुखावलो, की काय सांगू!

पुढे नवे पलंग आले आणि मी इथे आलो. मित्रांनो, जो आपले आपण बघतो असे सगळे म्हणतात, त्याच्याकडेही अधूनमधून बघत जा. माझा लेप धुळीखाली अजून शाबूत आहे. कधी ही खोली उघडलीत, तर एक ओला फडका घेऊन या.