एलोरीच्या गळ्यातला पट्टा

मित्रांनो, पट्टा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर साखळी येत असेल. मी तसला पट्टा नाही. माझ्यावर आजवर कुणी साखळी अडकवली नाही आणि मला ओढत कुणी नेलं नाही. अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरांत मेंढ्या राखणाऱ्या, स्पेनकडून आलेल्या एका बास्क घराण्याचा मी जुना चामडी पट्टा आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. असायलाच हवा.

या घरचा म्हातारा मातिन, त्याच्या वडिलांनी मला खेचराच्या फाटलेल्या खोगिरातून कापलं. तापलेल्या खिळ्याने मला तीन भोकं पाडली आणि पितळी बक्कल शिवलं. घरच्या पांढऱ्या राखणदार कुत्र्यांपैकी एखादी कुत्री माजावर आली की मला खिळ्यावरून काढायचे. तिच्या गळ्यात मी तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात सैल भोकावर बसलो, तर ती पहिल्या वेताला तयार. दुसऱ्यावर बसलो, तर अजून लहान आहे, थांबा. माझा शब्द शेवटचा होता. डॉक्टरला कुणी विचारत नव्हतं, मला विचारायचे. मग मी थोडा फुशारलो तर नवल काय?

पहिल्या पाच कुत्र्यांच्या गळ्यात मी असाच बसलो. चौघींची पिल्लं या डोंगरात वाघासारखी वावरली. पाचवीचं नाव इसार.

इसार दहा महिन्यांची होती, पण मान अशी जाडजूड की मी सहज तिसऱ्या भोकावर गेलो. मातिन तेव्हा ऐन उमेदीत होता. त्याने लगेच नर दाखवला. इसारला चार पिल्लं झाली, पण काय करायचं हे तिला कळेचना. ती स्वतःच पोर होती. पिल्लं ओरडायची आणि ती कोपऱ्यात जाऊन थरथरायची. दूधही पुरेसं उतरलं नाही. आठवड्याभरात चारही गेली. मातिन म्हणाला, हिचं रक्तच खराब, आणि त्याने तिला लांबच्या एका शेतावर देऊन टाकलं. मित्रांनो, रक्त खराब नव्हतं. मी चुकलो होतो. पण खिळ्यावर टांगलेल्या पट्ट्याला कोण विचारतो?

पुढे बरीच वर्षं गेली. मातिनचे गुडघे गेले, कळप त्याची मुलगी मायालेन सांभाळू लागली. लांडग्यांचा त्रास वाढला आणि जुन्या वंशातली एकच कुत्री उरली. ती एलोरी, इसारच्या बहिणीची नात. तिला शोभेल असा जुन्या वंशातला नरही एकच होता, शेजारी राहणाऱ्या बेन्यातचा ओत्सो. तो नऊ वर्षांचा होता आणि उठताना कण्हायचा. मरण्यापूर्वी त्या दोघांची पिल्लं हातात घ्यायची, एवढी एकच इच्छा मातिनला उरली होती. जेवताना तो तेवढंच बोलायचा.

फेब्रुवारीत तेरा महिन्यांची एलोरी पहिल्यांदा माजावर आली. बेन्यात ओत्सोला गाडीत घालून घेऊनच आला. मातिनने मला तिच्या गळ्यात घातलं आणि मी तिसऱ्या भोकावर बसलो. खरं सांगतो, मला आनंदच झाला. आपण अजून कामाचे आहोत, असं वाटलं.

मायालेन मात्र गोठ्याच्या दारातून हलली नाही. आधी तिने नीट समजावलं. पहिला माज जाऊ द्यायचा, दुसराही. अंगानं मोठी कुत्री आतून पुरी व्हायला दोन वर्षं घेते. तोवर खुब्यांचा एक्स-रे काढून बघायचा, कारण खुब्याचं दुखणं पिल्लांत उतरतं. आणि तिचा स्वभाव एका पुऱ्या हंगामात पारखायचा. मातिनने हात झटकला. ओत्सो काही तिच्या एक्स-रेसाठी थांबणार नव्हता.

"बाबा, पट्टा मान मोजतो," मायालेन म्हणाली. "खुबे कोण मोजणार?"

"हा माझ्या वडिलांचा पट्टा आहे."

"इसारलाही हाच घातला होता."

मातिनने बक्कल सोडलं, मला खिळ्यावर टांगलं आणि बेन्यातला घरी जायला सांगितलं.

नोव्हेंबरात ओत्सो गेला. मातिन काठी टेकत खड्डा खणायला गेला आणि परत आल्यावर आठवडाभर लेकीशी बोलला नाही. घेवड्याचं सूप खिडकीकडे तोंड करून प्यायचा. मायालेन रोज ते सूप वाढायची, पण तिने माफी मागितली नाही. मला दोघांचंही वाईट वाटायचं.

एलोरी मात्र वाढत होती. त्याच हिवाळ्यात बर्फात एक मेंढी विताना अडली, तेव्हा ती हाताच्या अंतरावर बसून राहिली. कोकराला तिने तोंड लावलं नाही. ते उभं राहून आईला लुचेपर्यंत ती हललीच नाही. मातिनने ते खिडकीतून पाहिलं आणि त्या दिवशी तो लेकीशी आपणहून बोलला. दोन वर्षं पुरी झाल्यावर एक्स-रे निघाला. खुबे उत्तम होते.

जुलैत तिसरा माज आला. शेजारच्या वायोमिंग राज्यातून एक दणकट नर आणला होता. मातिनने मला काढलं, झटकलं आणि एलोरीच्या गळ्यात घातलं. उन्हाळ्यामुळे तिचे हिवाळ्यातले दाट केस झडले होते, डोंगर चढून अंग काटक झालं होतं. मी दुसऱ्याच भोकावर बसलो.

माझ्या नियमाने ती अजून लहान होती! सगळे मातिनकडे बघत राहिले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मातिन इतका हसला की त्याला खोकला आला.

"वडिलांचंही काय चुकलं," तो म्हणाला. "त्यांच्याकडे एक्स-रे कुठे होता?" आणि त्याने मला दुसऱ्याच भोकावर आवळलं.

सप्टेंबरात, व्यायच्या आधी, मला काढून तिच्या बाळंतपणाच्या खोक्यावरच्या खिळ्याला टांगलं, म्हणून मी सगळं पाहिलं. सात पिल्लं झाली. एलोरीने एकेकाला चाटून कोरडं केलं, पोटाशी घेतलं आणि दिवसभर जागची उठली नाही. पहिलटकरीण वाटतच नव्हती. ओत्सोची आठवण म्हणून पहिलं पिल्लू निवडायचा मान बेन्यातला मिळाला. सगळ्यात लहान मादी मातिनने उचलली, छातीशी धरली आणि तिचं नाव ठेवलं इसार.

"त्या इसारची चूक नव्हती," तो लेकीला म्हणाला. "घाई माझी होती."

मित्रांनो, आजही मी त्याच खिळ्यावर आहे आणि माझा अभिमान तसूभरही कमी झालेला नाही. खाली धाकटी इसार माझं टोक पकडायला उड्या मारते. मारू दे. तिचे दिवस येतील, तेव्हा आधी डॉक्टरला विचारा, मग तिचं वागणं बघा, आणि सगळ्यात शेवटी मला काढा. मी कितव्या भोकावर बसतो, ते तेव्हा मोजूही नका.